मध्ययुगीन यहुदी भाष्यकारांसह हिब्रू बायबल कसे वाचावे

व्हेनिसमध्ये डॅनियल बॉम्बर्ग यांच्या छापखान्यातून १५१६-१७ मध्ये हिब्रू बायबलची एक आवृत्ती निघाली. पुढच्या आवृत्त्यांत तिचे पान ठरून गेले: मधोमध मूळ वचन, शेजारी त्याचे अरामी भाषांतर आणि भोवती बारीक टाइपात भाष्यकार. यहुदी घरांत आणि पाठशाळांत धर्मग्रंथ आजही बहुधा याच स्वरूपात उघडला जातो. पानावरचे प्रमुख भाष्यकार अकराव्या ते तेराव्या शतकातले असून त्यांचे बरेचसे लेखन आता इंग्रजीत उपलब्ध आहे. ज्या मराठी वाचकाला हिब्रू येत नाही, पण इंग्रजी सावकाश का होईना वाचता येते, त्याला या पानावर प्रवेश मिळू शकतो. त्यासाठी काय हाताशी घ्यावे आणि कोणत्या क्रमाने वाचावे, हे येथे मांडले आहे.

सर्वांत आधी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. हे भाष्यकार उत्तर लिहितात, प्रश्न लिहीत नाहीत. वचनात त्यांना काहीतरी खटकलेले असते, म्हणजे एखादा शब्द जादा वाटतो, क्रम उलटा दिसतो किंवा आधीच्या कथेशी मेळ बसत नाही. त्या खटक्याचा उल्लेखही न करता ते थेट उलगडा देतात. प्रश्न हाती नसताना उलगडा वाचला, तर तो एखादी रंजक दंतकथा वाटतो आणि वाचक पुढे सरकतो. जेरुसलेमच्या अध्यापिका नेहामा लाइबोविट्झ (१९०५-१९९७) यांनी १९४२ पासून सुमारे तीस वर्षे सामान्य वाचकांना टपालाने साप्ताहिक प्रश्नपत्रिका पाठवल्या. ‘राशींना येथे काय अडले?’ (राशी हे या भाष्यकारांपैकी एक) हा त्यांच्या अध्यापनातला नित्याचा प्रश्न होता, आणि पुढची सारी पद्धत त्याच प्रश्नावर उभी आहे.

पायरी पहिली: साहित्य जमवणे

मूळ वचनासाठी ज्यूइश पब्लिकेशन सोसायटीचे इंग्रजी भाषांतर घ्यावे. १९१७ चे जुने भाषांतर शब्दाला शब्द ठेवणारे आहे, तर १९८५ चे अधिक प्रवाही आहे. घरातले मराठी बायबल शेजारी अवश्य असू द्यावे, कारण नावे आणि कथा त्यातूनच ओळखीच्या झालेल्या असतात. मात्र भाष्य वाचताना भिस्त त्यावर ठेवू नये. उत्पत्तीचे पहिलेच वचन पाहावे. मराठी बायबलमध्ये ते ‘प्रारंभी देवाने’ असे स्वतंत्र विधान आहे. राशींच्या मते ते पूर्ण विधान नसून ‘देव निर्माण करू लागला तेव्हा’ असा पुढच्या वाक्याला जोडलेला भाग आहे, आणि १९८५ चे भाषांतर त्याच वळणाने जाते. पायाभूत भाषांतर वेगळे असले, तर भाष्यकार कशाबद्दल बोलत आहेत हेच उमगत नाही.

वचनांच्या क्रमांकांतही फरक आहे. मराठी बायबल इंग्रजी प्रोटेस्टंट परंपरेची मोजणी पाळते. उत्पत्ती ३१:५५ हे वचन हिब्रू पाठात ३२:१ असते, मलाखीचे चार अध्याय तेथे तीन होतात, आणि स्तोत्रांचे शीर्षक पुष्कळदा पहिले वचन म्हणून मोजले जात असल्यामुळे पुढचे आकडे एकाने सरकतात. भाष्य आणि वचन जुळत नसेल, तर आधी एक वचन मागे-पुढे करून पाहावे.

भाष्यांसाठी सेफारिया हे मोफत संकेतस्थळ पुरेसे आहे. तेथे वचनावर बोट ठेवले की त्यावरची भाष्ये बाजूला उघडतात. भाषांतर कोणाचे आहे हे तेथेच लिहिलेले असते आणि ते पाहायची सवय लावून घ्यावी, कारण काही भाषांतरे जाणत्या अभ्यासकांची आहेत, तर काही हौशी वाचकांनी मिळून केलेली आहेत. छापील पुस्तकांत राशींसाठी रोझेनबाउम आणि सिल्बरमन यांचे १९२९ ते १९३४ या काळातले भाषांतर, तर राम्बान या दुसऱ्या भाष्यकारासाठी शावेल यांचे १९७० च्या दशकातले तळटीपांनी भरलेले पाच खंड अजूनही उपयोगी पडतात. चार-पाच भाष्यकार एकाच पानावर हवे असतील, तर मायकल कॅरासिक यांनी ज्यूइश पब्लिकेशन सोसायटीसाठी केलेले खंड पाहावेत. त्यांत भाष्ये सुबोध आणि आटोपशीर केलेली असल्याने सुरुवात सोपी होते, पण बारकाव्यासाठी पूर्ण भाषांतराकडे जावेच लागते.

पायरी दुसरी: माणसे ओळखून घेणे

सुरुवातीला चौघे पुरेत.

राशी (१०४०-११०५) हे उत्तर फ्रान्समधल्या त्र्वाचे. त्यांचे शिक्षण ऱ्हाइनकाठच्या माइन्त्स आणि वर्म्स येथील पाठशाळांत झाले. त्यांची वाक्ये आखूड असतात. आपण काय करत आहोत हे त्यांनी उत्पत्ती ३:८ वर सांगून ठेवले आहे: मिद्राशातल्या, म्हणजे प्राचीन रब्बींच्या वचनांवरील विवेचनांतल्या, कथा पुष्कळ आहेत, पण मी वचनाचा सरळ अर्थ आणि वचनाच्या शब्दांना नीट बसवणारी कथा, एवढ्यासाठीच आलो आहे. म्हणजे त्यांनी घेतलेली प्रत्येक कथा निवडून घेतलेली आहे, आणि ती का निवडली हे आपण शोधायचे. उत्पत्ती २८:५ मध्ये रिबेकेला ‘याकोब व एसाव यांची आई’ म्हटले आहे. हे वाचकाला आधीच माहीत असताना पुन्हा का सांगितले, यावर राशी लिहितात की हे आपल्याला काय शिकवते ते मला माहीत नाही. काही सुचले नव्हते, तर गप्प बसता आले असते. तरीही प्रश्न आहे एवढे त्यांनी नोंदवले, आणि त्यांची पद्धत समजून घ्यायला ही एक ओळ पुष्कळ झाली.

राशबाम हे राशींचे नातू. आजोबांना मिद्राशाचा जेवढा आधार लागतो तेवढाही त्यांना नको असतो. उत्पत्ती ३७:२ वर ते सांगतात की, वेळ असता तर दिवसेंदिवस नव्याने उमगणाऱ्या सरळ अर्थानुसार आपण पुन्हा भाष्ये लिहिली असती, अशी कबुली आजोबांनी त्यांना दिली होती.

इब्न एझ्रा हे स्पेनमधल्या तुदेलाचे कवी, व्याकरणकार आणि ज्योतिषी. ११४० मध्ये त्यांनी स्पेन सोडले आणि रोम, लुक्का, रूआँ, लंडन अशी भटकंती करत भाष्ये लिहिली. त्यांची शैली इतकी तुटक आहे की भाषांतरकाराला कंसात अर्धे वाक्य भरावे लागते, आणि विरोधकांचा समाचार घेताना जिभेची धार लपत नाही.

राम्बान (११९४-१२७०) हे कॅटलोनियातल्या गिरोनाचे. बार्सिलोनात १२६३ मध्ये राजासमोर झालेल्या ख्रिस्ती-यहुदी वादात यहुदी बाजू त्यांनी मांडली आणि १२६७ मध्ये ते पॅलेस्टाईनला गेले. ते सविस्तर लिहितात, राशी आणि इब्न एझ्रा यांचे मत आधी सांगून मग खोडतात किंवा उचलून धरतात. राहेलच्या कबरीचे बेथलेहेमपासूनचे अंतर (उत्पत्ती ३५:१६) त्यांनी आधी एका अर्थाने सांगितले होते. देशात पोहोचून जागा स्वतः पाहिल्यावर त्यांनी तो अर्थ सोडला आणि तसे भाष्यातच लिहिले. राम्बान आणि राम्बाम यांची गल्लत मात्र होऊ देऊ नये. राम्बाम म्हणजे तत्त्वज्ञ मायमोनिडीस, आणि त्यांनी तोरावर, म्हणजे बायबलच्या पहिल्या पाच पुस्तकांवर, ओळीओळीचे भाष्य लिहिलेले नाही.

पायरी तिसरी: आधी वचन, भाष्य नंतर

एका बैठकीला दहा-पंधरा वचनांहून अधिक मजकूर घेऊ नये. भाष्याचा रकाना बंद ठेवून तो दोनदा वाचावा आणि जे खटकेल ते वहीत लिहावे. पुनरुक्ती कोठे आहे, कोणते तपशील गाळले आहेत, कोणी काहीच बोलत नाही असे कोठे घडते, हे पाहावे. या वेळी उत्तर शोधायचे नाही.

उत्पत्ती २२ चा आरंभ घेऊ. देव अब्राहामाची कसोटी पाहतो आणि त्याला सांगतो की तुझा पुत्र, तुझा एकुलता एक, ज्याच्यावर तू प्रेम करतोस तो इसहाक, याला घेऊन मोरिया देशात जा आणि तेथे त्याचे होमार्पण कर. सावध वाचकाच्या वहीत येथे निदान चार गोष्टी येतील. ‘इसहाक’ एवढे नाव पुरेसे असताना चार वेळा ओळख का करून दिली? दुसरा पुत्र इश्माएल जिवंत असताना इसहाक ‘एकुलता एक’ कसा? ‘या गोष्टींनंतर’ असे म्हटले आहे, तर कोणत्या गोष्टी? आणि सर्वज्ञ देवाला कसोटी घ्यायची गरज काय?

पायरी चौथी: एकेक भाष्यकार, एकेक प्रश्न

आता राशी उघडावेत. इंग्रजी आवृत्तीत भाष्याच्या सुरुवातीला वचनातले एक-दोन शब्द ठळक छापलेले असतात. खटका नेमका कोठे आहे याची खूण तीच, म्हणून ते शब्द ओलांडून जाऊ नये. येथे राशी चार विशेषणांचा संवाद करतात. देव म्हणतो, तुझा पुत्र. अब्राहाम म्हणतो, मला दोन पुत्र आहेत. एकुलता एक. हा त्याच्या आईचा एकुलता एक, तो त्याच्या आईचा. ज्याच्यावर तू प्रेम करतोस. माझे दोघांवरही प्रेम आहे. तेव्हा देव नाव उच्चारतो: इसहाक. हा संवाद राशींनी रचलेला नाही, तालमूद या रब्बींच्या चर्चांच्या संग्रहातील सनहेद्रिन या भागातून (८९ब) घेतला आहे. पण तो घेतल्याने वहीतले पहिले दोन प्रश्न एकाच फटक्यात सुटतात. नाव आधीच का सांगितले नाही, तर अब्राहामाचे मन एकदम गोंधळून जाऊ नये म्हणून, असेही राशी पुढे सांगतात.

राशबाम यांना तिसरा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. ‘या गोष्टींनंतर’ हे शब्द नेहमी लगतच्या आधीच्या प्रसंगाशी जोडलेले असतात, असा त्यांचा नियम आहे. आधीचा प्रसंग म्हणजे अब्राहामाने पलिष्ट्यांचा राजा अबीमलेख याच्याशी केलेला करार. वचनदत्त भूमीतल्या लोकांशी असा करार केल्याबद्दल देव रागावला आणि त्यातून ही कसोटी आली, असे ते म्हणतात. अब्राहामाचा गौरव म्हणून सांगितली जाणारी कथा येथे त्याच्या चुकीचे फळ ठरते. पहिल्या वाचनात हे मत धक्का देते, पण क्रमाकडे बारकाईने पाहण्याची शिस्त यातून मिळते.

इब्न एझ्रा इसहाकाच्या वयाकडे वळतात. परंपरेनुसार त्याचे वय सदतीस आहे. नव्वदाव्या वर्षी त्याला जन्म देणारी सारा एकशे सत्ताविसाव्या वर्षी वारली आणि तिचा मृत्यू या प्रसंगाशी जोडला गेला, त्यातून हा आकडा आला. ही परंपराप्राप्त माहिती असेल तर मान्य करू, असे म्हणून इब्न एझ्रा तर्क मांडतात. इसहाक प्रौढ होता आणि राजीखुशीने गेला, तर त्याचे पुण्य बापाहून मोठे ठरेल. मग वचनात त्याचा शब्दानेही उल्लेख का नाही? तो पाच वर्षांचाही नसणार, कारण लाकडे त्याच्या पाठीवर होती. म्हणून सुमारे तेरा वर्षे. या युक्तिवादाचा सांगाडा वहीत उतरवून काढावा, कारण मजकुरातल्या मौनालाच पुरावा म्हणून कसे वापरता येते, हे त्यात स्वच्छ दिसते.

चौथा प्रश्न राम्बान सोडवतात. कसोटी देवाला काही कळावे म्हणून नसते. जिची कसोटी होते त्या व्यक्तीच्या मनात असलेली शक्ती कृतीत उतरावी आणि तिला नुसत्या चांगल्या मनाचे नव्हे, तर चांगल्या कृतीचे फळ मिळावे, यासाठी ती असते.

चौघांची मते एकत्र कालवून एकच अर्थ काढायचा मोह येथे होतो, आणि तो टाळावा. राशबाम आणि राम्बान यांची मते एकमेकांत बसत नाहीत. परंपरेने ती एकाच पानावर राहू दिली आहेत.

पायरी पाचवी: मागचा स्रोत आणि काळ तपासणे

राशींच्या प्रत्येक टिपणाबाबत विचारावे की हे त्यांचे स्वतःचे आहे की मिद्राश वा तालमुदातले. चांगल्या आवृत्त्या स्रोताचा संदर्भ देतात. मूळ उतारा काढून राशींनी त्यातले काय गाळले ते पाहिले, तर त्यांची निवड उघड होते.

काळाचेही भान हवे. पहिल्या धर्मयुद्धाच्या वेळी, १०९६ मध्ये, ऱ्हाइनकाठच्या यहुदी वस्त्यांत कत्तली झाल्या, तेव्हा राशी हयात होते. दक्षिण फ्रान्समधले भाष्यकार दाविद किम्ही स्तोत्रांवर लिहिताना ख्रिस्ती अर्थांना अधूनमधून सरळ उत्तर देतात. इब्न एझ्रांचा रोख पुष्कळदा तालमूद न मानणाऱ्या कराई पंथाकडे असतो. एखादे टिपण वचनापेक्षा जास्त आवेशाने लिहिलेले वाटले, तर समोर कोणी वादी उभा आहे का, हे तपासावे. भाषांतरातले चौकोनी कंस मात्र भाषांतरकाराचे असतात. इब्न एझ्रा वाचताना एकदा कंसातला मजकूर वगळून वाचून पाहावे, म्हणजे त्यांचे स्वतःचे शब्द किती थोडे आहेत ते कळते.

वेग आणि पुढचा क्रम

तोराचे साप्ताहिक वाचनासाठी चोपन्न भाग पाडलेले आहेत आणि वर्षभरात ते पूर्ण होतात. कोकणातून मुंबईत आलेल्या बेने इस्राएल समाजाच्या सिनेगॉगमध्येही शनिवारी हेच भाग वाचले जातात. नवख्याने मात्र आठवड्याला पूर्ण भाग भाष्यांसह वाचण्याचा हट्ट धरू नये. भागातले एकच प्रकरण निवडावे. शक्य असेल तर जोडीदार शोधावा, कारण यहुदी पाठशाळांत दोघांनी समोरासमोर बसून मोठ्याने वाचण्याची रीत आहे, आणि आपल्या प्रश्नातला कच्चेपणा दुसऱ्यासमोर लगेच उघडा पडतो.

उत्पत्तीनंतर निर्गमाचे पहिले वीस अध्याय घ्यावेत. निर्गमावर इब्न एझ्रांची लघु आणि दीर्घ अशी दोन भाष्ये असल्यामुळे एकाच लेखकाचे मत कसे बदलते, हेही तेथे पाहता येते. लेवीय सुरुवातीला बाजूला ठेवलेले बरे, कारण यज्ञविधींचे ते तपशील तालमुदाची थोडी ओळख झाल्याशिवाय समजत नाहीत. त्याऐवजी किम्हींचा हात धरून शमुवेलाच्या दोन पुस्तकांकडे जावे. तेथे कथा सलग आहे, आणि किम्ही या मंडळींत सर्वांत मोकळ्या, समजावून सांगणाऱ्या भाषेत लिहितात.