रंगाची बाटली उघडण्याआधी

मिनिएचर, म्हणजे टेबलावरच्या युद्धखेळांतले छोटे सैनिक, रंगवायला शिकायचं ठरवलंत की पहिला मोह होतो तो पन्नास रंगांच्या सेटचा. तो सेट घेऊ नका. साधारण 28 ते 32 मिलिमीटर मापाच्या सैनिकाला काळा, पांढरा, तपकिरी, चंदेरी, त्वचेचा रंग आणि तुमच्या सैन्याचा मुख्य रंग इतकं पुरतं. सोबत एक गडद वॉश, म्हणजे पाण्यासारखा पातळ रंग, मात्र हवाच. तो खाचांमध्ये उतरतो, सावली आपोआप पडते आणि नवशिक्याला सगळ्यात जास्त हात देतो. स्टेशनरीच्या दुकानातला ट्यूबमधला ॲक्रिलिक इथे चालत नाही. तो दाट असतो, त्याखाली बारीक कोरीवकाम बुजून जातं. सिटाडेल, वायेहो, आर्मी पेंटर यांचे रंग याच कामासाठी बनवलेले आहेत. त्यातही माझं मत ड्रॉपर बाटलीच्या बाजूने आहे: उघड्या डबीतला रंग आपल्याकडच्या उन्हाळ्यात पटकन आळतो.

पहिलं मिनिएचर मोठ्या, सपाट पृष्ठभागांचं निवडा. वॉरहॅमर या युद्धखेळातला चिलखती सैनिक, स्पेस मरीन, त्यासाठी उत्तम, कारण चिलखताचे पत्रे रुंद असतात आणि हेल्मेट घातलं की डोळे रंगवायची वेळच येत नाही. ज्या सेनापतीवर तुमचा जीव आहे, त्याला अजून डब्यातच राहू द्या.

सुटे भाग ज्या प्लॅस्टिकच्या चौकटीत जोडलेले येतात, तिच्यातून ते कापायला सपाट तोंडाचा छोटा कटर घ्या. साच्याचे दोन भाग जिथे जुळतात तिथे एक बारीक रेघ उरते, ती चाकूच्या उलट्या बाजूने हलकेच खरवडून काढा. आधी ती दिसतही नाही, पण वॉश दिला की ठळक होते आणि मग काही करता येत नाही. प्लॅस्टिकच्या भागांना प्लॅस्टिक सिमेंट लावा, धातू आणि रेझिनला फेविक्विकसारखा सुपरग्लू. रेझिन असेल तर आधी भांडी घासायच्या साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन पूर्ण वाळवा, घासताना ओलं ठेवा आणि मास्क लावा. ती धूळ फुप्फुसात जाता कामा नये.

आता प्रायमर, म्हणजे रंग धरून ठेवणारा पहिला थर. सगळ्यात जास्त विचार इथे करा. प्रायमर नसेल तर रंग बोटांच्या घर्षणाने निघून येतो. स्प्रे प्रायमर मोकळ्या हवेत, 20 ते 30 सेंटिमीटरवरून, थोडा थोडा मारायचा. पण मुंबईत किंवा कोकणात पावसाळा असेल तर कॅन हातात घेऊच नका. दमट हवेत थर खरखरीत, पिठूळ बसतो आणि कोरीवकाम कायमचं झाकतो. त्या महिन्यांसाठी ब्रशने लावायचा प्रायमर आणा, दोन पातळ हात द्या आणि रात्रभर वाळू द्या. हार्डवेअरच्या दुकानातला गाड्यांचा प्रायमर वापरायचा असेल तर आधी उरलेल्या चौकटीवर मारून पाहा. काहींमधलं द्रावक प्लॅस्टिक खातं.

ब्रश दोनच: 1 नंबरचा टोकदार गोल ब्रश आणि ड्रायब्रशसाठी, म्हणजे जवळजवळ कोरड्या ब्रशने उंचवट्यांवर रंग घासायला, एखादा जुना, पसरलेला. कॅम्लिनचा सिंथेटिक सुरुवातीला चालतो. केसांच्या अर्ध्यापेक्षा वर रंग चढू देऊ नका, केस धरणाऱ्या पत्र्याच्या कडेत वाळलेला रंग टोक फाकवतो. कोलिन्स्की केसांचे महाग ब्रश नंतर पाहू.

वेट पॅलेट, म्हणजे रंग ओला ठेवणारी पाटी, घरीच होते. झाकणाच्या पसरट डब्यात ओला स्पंज, त्यावर बेकिंगचा बटर पेपर. मेणाचा कागद नको, त्यातून पाणी वर येत नाही. यावर रंग तासन्‌तास ओला राहतो. त्यात पाणी मिसळून पातळ करा आणि एका जाड थराऐवजी दोन पातळ थर द्या.

पांढऱ्या प्रकाशाचा टेबल लॅम्प, पाण्याचे दोन पेले (एक फक्त चंदेरीसाठी, नाहीतर त्यातली चमक सगळ्या रंगांत जाते), टिश्यू, आणि मिनिएचर चिकटवायला औषधाच्या बाटलीचं झाकण. शेवटच्या हातासाठी मॅट वार्निश. तोही स्प्रेचा असेल तर कोरड्या दिवसासाठी राखून ठेवा. पहिल्या बैठकीला दोन-तीनच सैनिक घ्या, म्हणजे एकाचा थर वाळेपर्यंत दुसऱ्यावर काम करता येईल.