रेल्वेच्या खास डब्याचा मालक कसा शोधावा

अमेरिकेत रेल्वे कंपन्यांचे वरिष्ठ अधिकारी ज्या डब्यातून पाहणीचे दौरे करीत, त्याला ‘बिझनेस कार’ म्हणतात. आपल्याकडच्या रेल्वेच्या सलून डब्याचीच ही जातकुळी. अशा किंवा कोणत्याही खास डब्याचा इतिहास शोधताना बाजूवर रंगवलेल्या नावावर विसंबू नये. ‘फर्डिनांड मॅगेलन’ हा डबा पाहावा. रेल्वेचे डबे बांधणाऱ्या पुलमन कंपनीने तो १९२९ मध्ये बांधला. १९४२ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्यासाठी त्याची फेरबांधणी झाली, तेव्हा त्यावरचे नाव काढून केवळ ‘पुलमन’ हा शब्द ठेवण्यात आला. मालकी मात्र पुढे अवघ्या एका डॉलरला सरकारकडे गेली.

म्हणून आधी बांधणीचे दाखले गाठावेत. पुलमनच्या डब्यांना आराखड्याचा आणि बांधणीच्या तुकडीचा असे क्रमांक असत, आणि कंपनीची दप्तरे आज शिकागोच्या न्यूबेरी ग्रंथालयात आहेत. त्यानंतर वजन पडताळावे, कारण मोठी फेरबांधणी तिथे लपत नाही. मॅगेलनला पाच-अष्टमांश इंच जाडीचे पोलादी चिलखत आणि तीन इंची काचा बसवल्यावर त्याचे वजन सुमारे १,६०,००० पौंडांवरून २,८५,००० पौंडांवर गेले. एवढा बदल कागदावर दिसला, की त्या सुमारास डब्याचा उपयोग आणि बहुधा मालकही बदलला असावा, असे धरून पुढचे कागद धुंडाळावेत.

डब्यावरची दर्शक अक्षरे, म्हणजे मालक कोण ते सांगणारी इंग्रजी आद्याक्षरे, हीही वाचावीत: ती ‘एक्स’ने संपत असतील, तर डबा रेल्वे कंपनीचा नव्हे, अन्य मालकाचा असतो.

सर्वांत जास्त घोळ होतो तो मालक आणि प्रवासी यांच्यात. अध्यक्षीय निवडणुकीचा निकाल उलटा छापणारे वर्तमानपत्र उंचावून हसणाऱ्या राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांचे १९४८ मधील छायाचित्र याच डब्याच्या मागच्या सज्जातले आहे, पण त्यावरून तारीख आणि उपयोग एवढेच ठरते. सरकारने १९५८ मध्ये डबा निरुपयोगी ठरवला, आणि पुढच्या वर्षी तो फ्लोरिडातील गोल्ड कोस्ट रेल्वे संग्रहालयाकडे गेला. १९८४ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी ओहायोत प्रचारासाठी त्यातूनच प्रवास केला, तेव्हा मालक संग्रहालयच होते. त्यामुळे तक्त्यात मालक, वापरणारा आणि रंगवलेले नाव यांसाठी तीन वेगळे रकाने आखावेत, आणि खरेदीखत किंवा हस्तांतराचा कागद हाती येईपर्यंत पहिला रकाना पेन्सिलनेच भरावा.