जुनी अँबेसेडर तापल्यावर सुरू होत नाही? आधी काढलेला थर्मोस्टॅट परत बसवा

वाईहून पसरणी घाट चढून पाचगणीला पोचलो की आम्ही चहाला थांबायचो. वडिलांची १९८४ची अँबेसेडर घाट चढताना कधी कुरकुरली नाही. पण पंधरा मिनिटांनी परत येऊन सेल्फ मारला की इंजिन नुसतं फिरायचं, पकडायचं नाही. अर्धा-पाऊण तास बॉनेट उघडून ठेवलं की मग काही झालंच नाही अशा थाटात सुरू. गॅरेजमध्ये सांगितलं तेव्हा उत्तर मिळालं, "थर्मोस्टॅट काढून टाकलाय, आता गाडी तापणार नाही." गाडी सुरू न होण्याचा त्रास मात्र होता तसाच राहिला. वर थंडीत गाडी जास्त पेट्रोल पिऊ लागली आणि ऑइलच्या झाकणाला आतून पांढरट साय धरू लागली.

आपल्याकडच्या कितीतरी जुन्या गाड्यांत आज थर्मोस्टॅटची जागा रिकामी आहे, ती याच समजुतीपायी. इंजिन चालताना तापणं आणि तापलेलं इंजिन बंद केल्यावर पुन्हा सुरू न होणं ही दोन वेगळी दुखणी आहेत, म्हणून दोन्हींचा इलाज वेगवेगळा बघू. उदाहरणं १४८९ सीसी पेट्रोल अँबेसेडरची आहेत, पण पद्मिनी, हेराल्ड किंवा कुठल्याही कार्ब्युरेटरच्या (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनात सोडणाऱ्या भागाच्या) गाडीला बरंचसं लागू पडेल.

थर्मोस्टॅट करतो काय

थर्मोस्टॅटमध्ये पितळी डबीत मेण भरलेलं असतं. पाणी ठरावीक तापमानाला पोचलं की मेण वितळून फुगतं, झडप ढकलतं आणि पाणी रेडिएटरकडे जाऊ लागतं. तोवर ते इंजिनातच फिरतं आणि इंजिन लवकर गरम होतं. म्हणजे इंजिन *कमीत कमी* किती गरम राहावं एवढंच थर्मोस्टॅट ठरवतो. जास्तीत जास्त किती तापेल, हे रेडिएटर, पंखा, वॉटर पंप आणि टायमिंगच्या (ठिणगी पडण्याच्या वेळेच्या) हातात असतं. मे महिन्यात सोलापूरच्या सिग्नलला काटा वर चढत असेल, तर झडप केव्हाच पूर्ण उघडलेली असते. ती काढून टाकल्याने रेडिएटर मोठा होत नाही.

कोणता घ्यावा

या जुन्या ब्रिटिश घराण्याच्या इंजिनांना ७४, ८२ आणि ८८ अंशांचे थर्मोस्टॅट मिळतात. आकडा डबीवर किंवा कडेला ठोकलेला असतो. झडप त्या तापमानाला उघडायला लागते आणि पूर्ण उघडायला आणखी दहा-पंधरा अंश लागतात.

महाराष्ट्रात बाराही महिने वापरायची गाडी असेल तर ८२ घ्या, हे माझं ठाम मत आहे. ७४चा "थंड" थर्मोस्टॅट घालून ट्रॅफिकमधलं तापणं थांबत नाही. नाशिकच्या थंडीत छोट्या फेऱ्यांना मात्र इंजिन पुरेसं गरमच होत नाही, ऑइलमधली वाफ उडून जात नाही आणि वर सांगितलेली साय धरते. ८८चा कडक हिवाळ्याच्या प्रदेशासाठी ठेवा.

आकड्याइतकाच महत्त्वाचा आहे व्यास. जुना थर्मोस्टॅट दुकानात सोबत न्या आणि कडेचा घेर, जाडी, खालची लांबी मोजून बघा. काही जुन्या इंजिनांत थर्मोस्टॅटला बाहेरून एक बाही असते. झडप उघडली की ही बाही बायपासचं, म्हणजे रेडिएटर टाळून पाणी परत इंजिनात नेणाऱ्या वाटेचं, भोक झाकते. तसल्या इंजिनात बिनबाहीचा नवा थर्मोस्टॅट घातला, तर थोडं गरम पाणी रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात येत राहतं. थर्मोस्टॅट काढूनच टाकला तरी तेच होतं, आणि "काढला तरी तापतेच" या तक्रारीचं हे एक कारण असतं.

बसवण्याआधी पातेल्यात तपासा

नवा असला तरी तपासा. पातेल्यात पाणी घ्या आणि थर्मोस्टॅट दोऱ्याने असा लोंबकळत सोडा की तळाला टेकणार नाही. शेजारी थर्मामीटर धरा. (पातेलं आणि थर्मामीटर यासाठी वेगळंच ठेवा, स्वयंपाकाचं नको.) मंद आचेवर तापवत जा. ८२चा असेल तर एक-दोन अंश इकडेतिकडे झडप हलायला लागते. उकळी येईपर्यंत साधारण सात-आठ मि.मी. फट दिसली पाहिजे. आच बंद केल्यावर ती हळूहळू पूर्ण मिटली पाहिजे. पुण्याच्या उंचीवर पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. त्यामुळे ८८चा थर्मोस्टॅट पातेल्यात पुरता उघडला नाही, तर त्याला लगेच खराब ठरवू नका.

बसवताना

इंजिन पूर्ण थंड असू द्या. गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडलं तर वाफेने चेहरा भाजतो. पाणी पातळी खाली येईल इतकं काढा. कूलंट असेल तर ते बादलीत धरा, कारण चवीला गोड असतं आणि कुत्र्या-मांजरांना विषारी.

हेडच्या (इंजिनच्या वरच्या भागाच्या) पुढच्या टोकाला, जिथे वरचा होज पाइप येतो, तिथलं कोपरासारखं झाकण तीन नटांवर बसलेलं असतं. ते वर्षानुवर्षं न उघडल्याने स्टडवर (नट ज्यावर बसतात त्या आटेदार दांड्यांवर) गंजाने धरलेलं असतं. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल सोडून ठेवा. पान्याने नट हलत नसेल तर जोर करू नका, स्टड हेडमध्येच मोडतो. परत तेल, परत वाट. माझं झाकण निघायला दोन दिवस लागले आणि आत जागा रिकामी निघाली. थर्मोस्टॅट ज्या खाचेत बसतो, ती गाळाने भरून गेली होती.

खाच आणि दोन्ही पृष्ठभाग खरवडून साफ करा. झाकण काचेच्या तुकड्यावर ठेवून बघा. डुगडुगलं तर वाकलंय, घासून सपाट करा. थर्मोस्टॅटची मेणाची डबी इंजिनच्या बाजूला, खाली. कडेला एक छोटी हलणारी पिन असेल, तिच्यातून हवा निघून जाते. ती नसेल तर कडेला तीन मि.मी.चं भोक पाडा. नवीन पॅकिंग घाला आणि तिन्ही नट आळीपाळीने थोडे थोडे आवळा. पाणी सावकाश भरा, रेडिएटरचं झाकण उघडं ठेवून इंजिन चालू करा, झडप उघडून पातळी खाली गेली की पुन्हा भरा.

आता खरं दुखणं: तापल्यावर सुरू न होणं

इंजिन बंद केलं की पंखा आणि वॉटर पंपही थांबतात, पण लोखंडातली उष्णता जागच्या जागी असते. पुढची दहा-वीस मिनिटं ती वर चढत राहते. अँबेसेडरच्या इंजिनात कार्ब्युरेटर आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (इंजिनातला धूर बाहेर नेणारी जाड नळी) एकाच बाजूला, एकावर एक. बॉनेटखाली हवा हलत नाही आणि कार्ब्युरेटरच्या वाटीतलं पेट्रोल अक्षरशः उकळतं. पेट्रोलमधले हलके घटक ४० अंशांच्या आतच वाफ व्हायला लागतात. पाचगणीच्या उंचीवर हवेचा दाब कमी, म्हणून आणखी लवकर. शिवाय आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉलबरोबर पेट्रोलचे काही घटक एरवीपेक्षा कमी तापमानाला उडतात, त्यामुळे दहा वर्षांपूर्वी न अडणारी गाडी आज अडते.

गाडी अडलेली असतानाच तपास करा, थंड झाल्यावर पुरावा राहत नाही.

आधी सेल्फ ऐका. इंजिन जड, अडखळत फिरत असेल तर पेट्रोलकडे बघूच नका. बॅटरीची टर्मिनलं आणि इंजिन ते चासीची अर्थिंगची पट्टी साफ करा. फिरता फिरता उलटा झटका बसत असेल तर टायमिंग फार पुढे आहे.

मग करंट. डिस्ट्रिब्युटरच्या (प्लगांना करंट वाटणाऱ्या डबीच्या) मधली कॉइलची वायर काढा, रबरी मुठीच्या पकडीने धरून इंजिनच्या लोखंडापासून पाच-सहा मि.मी. अंतरावर ठेवा आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. पेट्रोलचा वास येत असेल तर हे करू नका. निळी, कडकडीत ठिणगी पाहिजे. पिवळी, मरगळलेली असेल तर कॉइल किंवा कंडेन्सर गरम झाल्यावर दगा देतोय. कॉइलवर ओलं फडकं ठेवून पाच मिनिटांत ठिणगी सुधारली तर कॉइल बदला. डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटची फट ०.३८ मि.मी. आहे ना, तेही बघा.

ठिणगी चांगली असेल तर एअर क्लीनर काढून कार्ब्युरेटरच्या तोंडात बघा.

तोंड ओलं आहे आणि पेट्रोलचा उग्र वास येतोय, म्हणजे पेट्रोल उकळून इनटेक मॅनिफोल्डमध्ये (कार्ब्युरेटरमधून इंजिनात जाणाऱ्या नळीत) सांडलंय. चोक अजिबात ओढू नका. अॅक्सिलरेटर सावकाश पूर्ण दाबा, दाबूनच ठेवा आणि सेल्फ मारा. वारंवार दाबलात तर आणखी पेट्रोल आत जाईल. पाच-दहा सेकंदांत इंजिन खोकून पकडेल.

तोंड कोरडं आहे, थ्रॉटल हलवला तरी धार येत नाही, म्हणजे वाटी उकळून रिकामी झाली किंवा लाइनमध्ये वाफ अडकली. (जुन्या एसयू कार्ब्युरेटरला धारेचा पंप नसतो, तिथे ही खूण चालत नाही.) टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या, इंजिनवरच्या पंपावर (मेकॅनिक त्याला एसी पंप म्हणतात) ओलं फडकं टाका. टॅक्सीवाल्यांचा हा जुना उपाय खराच काम करतो.

कायमचा इलाज

माझ्या गाडीत दोष कार्ब्युरेटरच्या खाली होता. तिथे मुळात जाड फायबरचं पॅकिंग असतं, ते उष्णता वर चढू देत नाही. कोणीतरी कधीतरी त्याजागी साधं कागदी पॅकिंग घातलं होतं. सात-आठ मि.मी.चा फायबरचा तुकडा परत घातला आणि अर्धा त्रास तिथेच संपला. मात्र कार्ब्युरेटर उचलला गेल्यावर बॉनेट बंद करताना एअर क्लीनर घासत नाही ना आणि स्टडला पूर्ण आटे मिळतात ना, हे बघा.

उरलेल्यासाठी कार्ब्युरेटर आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या मध्ये अॅल्युमिनियमचा पत्रा लावला. पेट्रोलची नळी मॅनिफोल्डपासून चार बोटं लांब वळवली. पंपाचा पडदा आणि सगळ्या रबरी नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घातल्या, कारण जुनं रबर फुगतं, चिरतं आणि गळतं, आणि गरम इंजिनावर गळणारं पेट्रोल म्हणजे आग. कार्ब्युरेटरच्या वाटीतल्या फ्लोटची (तरंगणाऱ्या गोळ्याची) पातळी आणि पेट्रोल अडवणारा निडल व्हॉल्व्हही तपासून घ्या. पातळी जास्त असेल तर उकळलेलं पेट्रोल सांडायला निमित्तच नको.

टाकीजवळ इलेक्ट्रिक पंप बसवणं हा पुढचा उपाय. पण दाब दोन-तीन पीएसआयच्या वर नको, आणि इंजिन थांबलं की पंप आपोआप बंद होईल असा स्विच हवाच.

हे सगळं झाल्यावर तोच घाट पुन्हा चढून बघा. वर पोचल्यावर मिनिटभर इंजिन चालू ठेवा, गाडीचं तोंड वाऱ्याकडे करा, बंद करा आणि घड्याळ लावून वीस मिनिटं थांबा. मग चोक न ओढता एक सेल्फ.