एंडोमेट्रिओसिसच्या ऑपरेशननंतर हार्मोनच्या गोळ्या: या चुका टाळा

एंडोमेट्रिओसिस म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर गर्भाशयाबाहेर वाढणं. त्याचं दुर्बिणीतून ऑपरेशन झालं, चॉकलेट सिस्ट (अंडाशयातली जुन्या रक्ताची गाठ) निघाली, दुखायचं थांबलं, मग आता रोज गोळी कशाला? बऱ्याच जणी इथेच चुकतात. सर्जन दिसतं तेवढं काढतो, पण अंडाशय जागेवरच असतात आणि इस्ट्रोजेन बनवत राहतात, म्हणून सिस्ट परत होऊ शकते. युरोपातल्या एश्रे या डॉक्टरांच्या संस्थेच्या २०२२ च्या गाइडलाइनमध्ये, लगेच मूल नको असेल तर पाळीचं दुखणं परत येऊ नये म्हणून मिरेनासारखं साधन (गर्भाशयात बसवायची हार्मोनची कॉपर-टीसारखी वस्तू) किंवा कॉम्बिनेशनची पिल (इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन दोन्ही असलेली गोळी) निदान १८ ते २४ महिने ठेवायला सांगितलंय. दोन पाकिटं संपवून बंद करण्यात काही अर्थ नाही.

डायनोजेस्ट ही नुसत्या प्रोजेस्टिन हार्मोनची गोळी (रोज २ मिग्रॅ) चालू असेल तर पहिले काही महिने मध्येच डाग पडणं, तपकिरी स्राव होणं अगदी कॉमन आहे. गोळी लागू पडत नाही असं समजून स्वतःच बंद करू नका, आणि मेडिकलवाल्याकडून रक्त थांबवायची गोळी तर मुळीच आणू नका. मात्र तासाला एक पॅड भिजायला लागला तर वाट न बघता हॉस्पिटल गाठा.

मग नंतर पाळीच येईनाशी होते आणि घरात सुरू होतं, अगं घाण रक्त आत साठत असेल! काही साठत नाही हो, गोळीने गर्भाशयाचं अस्तरच पातळ राहतं, बाहेर पडायला काही तयारच होत नाही. सासूबाईंना हे एकदा डॉक्टरांच्या तोंडून ऐकवलेलं बरं, आपलं कोण ऐकतंय!

वेळेचं म्हणाल तर सकाळी लोकल पकडायच्या गडबडीत गोळी हमखास राहते, त्यापेक्षा रात्री जेवणानंतरची वेळ ठरवा. विसरलात तर आठवल्याबरोबर एकच घ्या, दोन नाही. घेतल्यावर तीन-चार तासांत उलटी झाली तर अजून एक घ्यावी लागते.

पाळी बंद म्हणजे दिवस राहणार नाहीत असं धरून चालू नका, डायनोजेस्ट गर्भनिरोधक म्हणून दिलेली नसते, कंडोम वापरा. आणि लगेच बाळ हवं असेल तर हे सुरुवातीलाच सांगा, कारण आधी काही महिने हार्मोन घेतल्याने नंतर दिवस राहायची शक्यता वाढत नाही, नुसता वेळ जातो.

काहींना गोळीऐवजी ल्युप्रोलाइड, म्हणजे अंडाशयाचं काम तात्पुरतं थांबवणारं इंजेक्शन देतात. त्यानंतर पहिले एक-दोन आठवडे दुखणं उलट वाढू शकतं. अंगातून वाफा येतात (मुंबईच्या मे महिन्यात वेगळ्या कळल्या तर!), हाडंही विरळ होतात, म्हणून सहा महिन्यांपुढे ओढायचं असेल तर ॲड-बॅक गोळ्यांबद्दल (हाडं जपायला सोबत देतात त्या थोड्या हार्मोनच्या गोळ्या) विचारा.

मन सतत उदास, रडू येतंय, तर "माझाच स्वभाव" म्हणून गप्प बसू नका, डॉक्टरांना सांगा, गोळी बदलता येते. कॉम्बिनेशनची पिल घेणाऱ्यांनी डोळ्यांपुढे चमकणारी अर्धशिशी, बीपी किंवा आधी कधी रक्ताची गुठळी झाली असेल तर ते लपवू नये. टीबीची औषधं चालू असतील तेही सांगा, रिफाम्पिसिनमुळे पिल आणि डायनोजेस्ट दोन्हींचा असर कमी होतो.