मापनाचे खेळ खेळताना या चुका टाळा

चार वर्षांच्या मुलापुढे दोन पेन्सिली ठेवून 'मोठी कोणती?' असं विचारलं, की ते बिनधास्त आखूड पण जाड पेन्सिल उचलतं. आपण म्हणतो, चुकलं. खरं तर प्रश्नच मोघम होता. लांब, उंच, रुंद, जाड, जड हे सगळं आपण एकट्या 'मोठ्या'त कोंबतो. नेमका शब्द वापरा. फुगवलेला फुगा एका हातात आणि छोटा दगड दुसऱ्या हातात द्या. मोठं ते जडच असतं असं नाही, हे हातालाच कळतं.

दुसरी चूक पट्टीची घाई. आधी दोन वस्तू शेजारी ठेवून नुसती तुलना होऊ द्या, एका बाजूची टोकं जुळवून. मग वीत, पावलं, ठोकळे. बाबांच्या पाच विती भरल्या तिथे आपल्या आठ का भरल्या, हा प्रश्न मुलाला पडला की पट्टी कशाला लागते ते सांगावंही लागत नाही.

ठोकळ्यांनी मोजताना गोंधळ ठरलेला. माझ्या भाचीनं खेळण्यातली बस मोजली, 8 ठोकळे भरले. पुन्हा मोजली तर 6. मी फक्त विचारलं, "बस आखडली का गं?" ती पालथी पडून निरखत राहिली, मग दोन ठोकळ्यांमधल्या फटीत बोट घालून म्हणाली, "एवढं मोजायचं राहिलंच की!" हे मी आधीच सांगून टाकलं असतं तर ते बोट तिथे गेलं नसतं. ठोकळे मात्र एकाच मापाचे द्या.

बसक्या भांड्यातलं पाणी उंच पेल्यात ओतलं की लहान मूल 'आता जास्त झालं' म्हणतं. त्याला रागावू नका. मुलांची विचार करण्याची पद्धत अभ्यासणारे स्विस मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी हे बारकाईनं अभ्यासलं होतं. भांडं बदललं तरी पाणी तेवढंच राहतं, ही समज साधारण सातव्या वर्षाच्या आसपास येते. समजावण्यापेक्षा पाणी परत ओतू द्या, पुन्हा पुन्हा. सांडेल थोडं, सांडू द्या.

पट्टी हातात आल्यावर मुलं 1 पासून मोजायला लागतात, किंवा वस्तू जिथे संपते तो आकडा वाचून मोकळी होतात. एकदा काडी मुद्दाम 2 पासून 7 पर्यंत ठेवून पाहा. 'सात' असं उत्तर आलं, तर आकडे झाका आणि मधल्या एकेका घरावर बोट ठेवून मोजायला सांगा.