जुनी गाडी एक्सचेंजमध्ये देण्यापूर्वी रंगाची जाडी मोजून घ्यावी

कारखान्यातून आलेल्या रंगाची जाडी बहुतेक गाड्यांवर साधारण 80 ते 150 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असते; पुन्हा रंगवलेल्या पत्र्यावर ती बहुधा 200 च्या पुढे जाते आणि खाली पुट्टी भरलेली असल्यास 500 ते 1000 किंवा त्याहूनही अधिक भरते. शोरूमचा मूल्यांकन करणारा माणूस हातातले छोटे यंत्र दारावर टेकवतो, ते हेच आकडे पाहण्यासाठी.

वणीहून यवतमाळला गाडी दाखवायला नेण्याआधी आपणच हे मोजून घेतलेले बरे. डाव्या दाराची उजव्या दाराशी तुलना करावी, कारण एकट्या आकड्यापेक्षा दोन्ही बाजूंतील फरक अधिक बोलका असतो. बंपर प्लास्टिकचा असल्याने हे यंत्र तिथे चालत नाही. यंत्र नसेल तर दाराचे रबर हलकेच बाजूला करून त्याखाली रंगाची कड दिसते का, हे सकाळच्या उजेडात पाहावे.

कापसाच्या ट्रॉलीने माझ्या गाडीचे मागचे दार घासले होते. तिथे 280 आकडा येताच मूल्यांकन करणाऱ्याने मोठ्या अपघाताची शंका घेतली; परंतु डेंटिंग-पेंटिंगचे बिल आणि दुरुस्तीपूर्वीचे फोटो मी जपून ठेवले होते, त्यामुळे केवळ ओरखडाच होता हे त्याला पटले. अशी दुरुस्ती आपणहून आधीच सांगावी; लपवलेली दुरुस्ती यंत्राने उघडी पाडली की चांगल्या इंजिनावरचाही विश्वास उडतो आणि ठरलेला भाव खाली येतो. छताचा किंवा छत पेलणाऱ्या खांबांचा आकडा वाढलेला आढळल्यास मात्र सांगाड्याची तपासणी जाणकाराकडूनच करून घ्यावी.