जेलवर पेशी चिकटेनात: माझा अनुभव

पावसाळ्यात इथे वडोदऱ्यात पॉलिअ‍ॅक्रिलामाइड जेलवर (पेशी वाढवायचा मऊ थर) पेशी चिकटेनाशा झाल्या. काचेवर त्याच छान पसरायच्या. पेशी ज्याला धरतात ते प्रथिन, कोलॅजन, बदललं, यूव्ही प्रकाशाची वेळ वाढवली. तीन आठवडे वाया गेले, फार जीव तुटला.

दोष सल्फो-सॅनपाहच्या (कोलॅजन जेलला जोडणारं रसायन) कुपीत होता. उणे २० अंशांवरून काढून गारच उघडायचो. आत दव धरून रेणूचं एक टोक, एनएचएस एस्टर, मरायचं. यूव्हीखाली केशरी रंग तपकिरी होतच होता, म्हणून संशय आला नाही. पण रंग बदलतो दुसऱ्या टोकाच्या, जेल धरणाऱ्या अझाइडमुळे, प्रथिन धरतो एस्टर.

आता कुपी डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषणारं बंद भांडं) खोलीच्या तापमानाला आली की उघडतो. कोरड्या डीएमएसओ द्रावकात विरघळवून लगेच ५० मिलिमोलर हेपेस बफरमध्ये, पीएच ८.५ (ट्रिस बफर अजिबात नको, त्यातलं प्राथमिक अमाइन एस्टर खाऊन टाकतं). ते जेलवर ओतून ३६५ नॅनोमीटर यूव्हीखाली १० मिनिटं, हेपेसने धुणं, पुन्हा तेच. मग कोलॅजन, रात्रभर ४ अंशांवर. सकाळी धुऊन पेशी टाकल्या, संध्याकाळी पसरलेल्या दिसल्या.